काकाजींचा हात आणि राजूरचा घाट

काकाजींना नव्या वस्तूंचा तिटकारा होता, असे जे विधान आमच्या सहकारी जिनिंग संस्थेच्या स्मरणिकेत छापून आले आहे, ते साफ खोटे आहे. लिहिणारे गृहस्थ इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि ज्या प्रसंगाचे त्यांनी चवीने वर्णन केले आहे, त्या प्रसंगी ते पाळण्यात होते. मी गाडीत होतो. मागच्या आसनावर, मधोमध, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो होतो. तेव्हा या विषयावर बोलण्याचा पहिला अधिकार माझा आहे. आणि गाडीतल्या माणसांपैकी मी एकटाच उरलो असल्यामुळे शेवटचाही माझाच आहे.

प्राध्यापक म्हणतात, काकाजी हरले आणि खचले. संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षांचे नातू म्हणतात, काकाजींनी शब्द फिरवला. स्टेशनसमोरच्या हॉटेलात अजूनही सांगतात की ड्रायव्हरला कोणीतरी फोडले होते; कोणी, यावर तिथे दोन पक्ष आहेत. या साऱ्या हकिकती एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. एकाच वेळी खोट्या मात्र असू शकतात, आणि तशा त्या आहेत.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. गणिताचा शिक्षक म्हणून मी मलकापूरला रुजू झालो आणि काकाजींच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. काकाजी म्हणजे आमचे घरमालक. सारे गाव त्यांना काकाजीच म्हणे. त्यांची सख्खी सूनसुद्धा. उंच, वाकलेले, नाक पुढे आणि बाकी सगळे मागे, अशी त्यांची चाल. धोतर पांढरे शुभ्र आणि त्यावर हमखास वंगणाचा एक डाग. हा डाग कसा पडे, ते पुढे येईलच.

त्यांचा धंदा कापसाच्या दलालीचा. संस्था निघाली तेव्हा त्यांनी दलाली सोडली आणि संस्थेचा कापूस पारखण्याचे काम पत्करले. हे काम म्हणजे काय, ते आज सांगावे लागते. कापसाने भरलेली शेतकऱ्याची बैलगाडी, आमच्याकडची बंडी, जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात येई. वर कापूस चांदण्यासारखा पांढरा. काकाजी वरच्या कापसाकडे बघतसुद्धा नसत. बाही खांद्यापर्यंत सारत, हात थेट बंडीच्या पोटात घालत, डोळे मिटत आणि आतून एक मूठ काढत. त्या मुठीत कधी ओलसर कापूस निघे, कधी कवडी, म्हणजे किडका, डागी माल. मग दोन बोटांत तंतू ताणून ते प्रत सांगत. एकदा सांगितली की संपले. शेतकरी हुज्जत घालत नसे, व्यापारी घालत नसे, आणि तराजूपाशी भांडण न होणारे जिन साऱ्या तालुक्यात आमचे एकटेच होते. संस्था भागभांडवलावर उभी आहे, असे अध्यक्ष भाषणात म्हणत. ती काकाजींच्या उजव्या हातावर उभी होती.

आता मोटारी. काकाजींकडे स्वतःची एक जुनी मोटार होती, फुगीर, काळी, म्हशीसारखी. त्याच कंपनीची नवी गाडी दर दोन-तीन वर्षांनी निघे. नवी म्हणजे काय, तर पुढची जाळी आडवीची उभी, मागचे दिवे गोलाचे लांबट आणि नावापुढे एक आकडा जास्त. लोक त्या जाळीकडे पाहून हरखत. काकाजी हात गाडीच्या पोटात घालत.

मी हे अलंकारिक बोलत नाही. हमरस्त्यावर चहासाठी कोणाची नवी गाडी थांबली, की काकाजी तिथे हजर. "राम राम. जरा आत हात घालू काय?" एवढे विचारून ते आसनाच्या खाली, दाराच्या अस्तरामागे, चाकाच्या कमानीत हात फिरवत. पुढे उताणे होऊन गाडीखाली सरकत. धोतराचा डाग तो हाच. बाहेर येत तेव्हा चेहरा असा फुललेला असे, की मालकाला वाटे, यांना खाली काही सापडले. सापडलेलेच असे.

"मागल्या गाडीत इथं नारळाचा काथ्या होता. आता तागाचं पोतं हाये. वरून रेक्झिन चकाचक. तोंडाले पावडर लावली अन् पोटाले चिमटा काढला."

वडनेर भोलजीच्या एका लग्नात त्यांनी वरात थांबवली. नवरदेव फुलांनी सजवलेल्या नव्या गाडीत बसले होते. काकाजी दार उघडून म्हणाले, "नवरदेव, जरा उठा बरं." नवरदेव मुंडावळ्या सावरत उठले. वाजंत्री थांबली. वरपित्याला वाटले, मुलीकडच्यांनी जुनी गाडी रंगवून आणली असून ती आता उघडी पडते आहे. त्यांचा चेहरा पडला. काकाजींनी आसनाखालून हात काढला, पुढच्या काचेवरच्या, ऊन अडवणाऱ्या दोन्ही झडपांच्या जागा पाहिल्या आणि वरपित्याला आनंदाने सांगितले, "ड्रायव्हरपुढची झडप ठेवली, शेजारच्याची काढून नेली. काय डोकं हाये बे त्याचं!" आणि वरात पुढे गेली.

त्याचं म्हणजे कोणाचं? इथेच प्राध्यापक महाशय घसरले आहेत. काकाजींना कंपनीचा राग आहे, असे त्यांना वाटले. काकाजींच्या लेखी कंपनी नव्हतीच. दूरच्या त्या कारखान्यात एक माणूस बसलेला आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. पगारी माणूस. त्याला एकच काम: उद्या या गाडीतून काय काढता येईल, जेणेकरून गिऱ्हाइकाला कळणार नाही. काकाजी त्याला 'तो गडी' म्हणत. दर नव्या गाडीत तो गडी एक डाव टाकतो, आणि मलकापुरात बसून आपण तो ओळखतो, असा हा सामना होता. त्या गड्याला सामना चालू असल्याची खबरही नसावी, एवढीच काय ती उणीव.

संध्याकाळी ओट्यावर आमचे वाद होत. मी म्हणे, "काकाजी, ज्याच्यावाचून अडत नाही ते काढले तर त्यात फसवणूक कसली? समीकरणातही आपण दोन्ही बाजूंचे समान पद काढतोच."

"फसवणूक कोण म्हणते? दोन भोंगे होते, एक केला. चालते. चाक पाच नटांवर होतं, चारावर आणलं. चालते. हे काम सोपं हाये काय, मास्तर? तुमी एक नट काढून दाखवा, गाडी पुढच्या नाक्यावर बसंल. त्यानं काढला तर दिल्लीपर्यंत जाते."

"मग तुमचा आक्षेप काय?"

"आक्षेप नाही. मले फक्त माहीत पाहिजे."

"आणि तो असा कोणी माणूस नसेलच तर? तिथे दहा जणांची समिती असेल."

काकाजींनी माझ्याकडे दया आल्यासारखे पाहिले. "कमिटीले जमते काय हे? कमिटीनं काढलं असतं तर लोकाले दिसलं असतं. हा एकटाच हाये. घरी भाजीत मीठही कमी टाकत असंल, अन् बायकोले समजत नसंल."

हा तिरस्कार आहे काय? वाचकांनीच सांगावे.

एका उन्हाळ्यात संस्थेने अध्यक्षांसाठी मोटार घ्यायचे ठरवले. अकोल्याचा एजंट नवी कोरी गाडी घेऊन जिनाच्या आवारात आला. आकाशी रंग, रुंद जाळी, शेपटीला पंखांसारखे दिवे. हंगाम संपला होता, तरी शंभरएक माणूस सहज जमले. अध्यक्ष अण्णासाहेब कडक टोपी घालून गाडीभोवती फिरत होते. काकाजी बाही सारत होते.

त्या दिवशी त्यांनी जे केले, ते पाहणे हा एक सोहळा होता. आत हात घालायचा, काढायचा आणि पुकारायचे. "अस्तर गेलं." हशा. "मागची काच अर्धीच उतरते, अर्ध्या काचेची यंत्रं गेली." हशा. पुढच्या बंपरपाशी ते थबकले. "हे पाहा. हँडल मारायचं भोक ठेवलं अन् हँडल नेलं." शेतकरी पोट धरून हसू लागले. एजंटही हसला, पण दात न दाखवता. मग काकाजी आत वाकले. जुन्या गाडीत पाण्याची उष्णता दाखवणारा काटा असे. त्या जागी आता एक लाल दिवा होता. पाणी फार तापले, तर पेटणारा. ते पुढे आले, बॉनेट उघडले आणि जाळीमागच्या पाण्याच्या टाकीची जाडी वितीने मोजली. पुन्हा मोजली.

त्यांचा चेहरा बदलला. मी तो शेजारून पाहिला. त्यावर राग नव्हता. प्रतिस्पर्ध्याची चूक दिसल्यावर पैलवानाच्या चेहऱ्यावर जे येते, ते होते.

"टाकीची एक रांगच काढली," ते हळू म्हणाले. "पाणी थंड करणाऱ्या तांब्याच्या नळ्या. तीन रांगा होत्या, दोनच हायेत. अन् काटा काढला, म्हणजे ते दिसूही नये. गडी चुकला. यंदा गडी चुकला."

"काकाजी," अण्णासाहेब म्हणाले, "तुमाले नवीन काही पाहवतच नाही. गाडी अकोल्याहून आली ना इथवर?"

"अकोला सपाट हाये. ही राजूरचा घाट चढायची नाही. या उन्हात तर नाहीच."

"अन् चढली तर?"

काकाजींनी वर पाहिले. सगळे जिन ऐकत होते. "चढली, पाणी उकळलं नाही, तर आजपासून कापसाले हात लावणार नाही."

हसू जागच्या जागी थांबले. मागून कोणीतरी म्हणाले, "काऊन असं बोलता काकाजी, गाडीसाठी?" अण्णासाहेबांनी नाही म्हणावे तर गाडी गेली, हो म्हणावे तर हात गेला. पण माणसे ऐकत होती. त्यांनी टोपी सरळ केली आणि म्हटले, "उद्या दुपारी."

माझे मत मी तिथेच काकाजींना सांगितले: सिद्ध न झालेल्या गोष्टीवर अशी अट घालणे अशास्त्रीय आहे. ते म्हणाले, "मास्तर, मी हातानं पाहिलं." त्यांच्या दृष्टीने सिद्धता झाली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन असे होते, की डांबराला चपला चिकटत. स्टिअरिंगवर संस्थेचा ड्रायव्हर करीमभाई. त्याला ही गाडी हवी होती. ती आली तर तोच चालवणार होता. पण काकाजींवर त्याचा जीव होता. हॉटेलातल्या दोन्ही पक्षांनी ऐकावे: फोडायला कोणी गेलेच असते, तर तो माणूस आधीच दुभंगलेला होता. शेजारी काकाजी, मांडीवर पाण्याचा डबा. मागे अण्णासाहेब, मी आणि एजंट.

"डबा कायले?" अण्णासाहेबांनी विचारले.

"पाणी उकळलं तर इंजिन जळू नये. गाडीचा काय दोष?"

मोताळा मागे पडले. राजूर आले. घाटाखाली एक लॉरी उभी होती, नाकातून वाफ सोडत, क्लीनर तिच्यावर बादल्या ओतत होता. करीमभाईने ती पाहून गिअर बदलला आणि पुटपुटला, "या अल्ला, इज्जत रख." कोणाची, ते त्याने स्पष्ट केले नाही.

पहिले वळण. दुसरे. इंजिनाचा आवाज जाड झाला. आतली हवा भट्टीसारखी झाली. एजंट घाम पुसत कंपनीची थोरवी सांगू लागला होता. तिसऱ्या वळणावर तो गप्प झाला. रस्त्याच्या कडेला मलकापुराहून सायकलींवर आणि पहाटेच्या बसने आलेली आमचीच माणसे झाडांच्या सावलीत बसली होती. गाडी दिसली की उठून उभी राहत. काय ओरडावे हे त्यांना कळत नव्हते, कारण काय व्हावे असे वाटते हेच त्यांना कळत नव्हते.

काकाजींची नजर लाल दिव्यावर होती. पापणी लवत नव्हती.

अवघड वळणावर, वरून कापसाच्या गाठींचा ट्रक येत होता. जागा एकाच गाडीची. करीमभाईने काकाजींकडे पाहिले. हॉर्न देऊन घुसले असते तर वेग टिकला असता. थांबले तर भर चढावर, तापल्या इंजिनाने, पुन्हा उठायचे. एजंट मागून म्हणाला, "निकल जाओ, निकल जाओ."

काकाजी म्हणाले, "थांब करीम. त्याले जाऊ दे. मग सावकाश उठव, धक्का देऊ नको. गाडीनं चढावं तर तिच्या दमानं, अन् पडावं तरी तिच्या दमानं."

ट्रक गेला. करीमभाईने हँडब्रेक सोडला. गाडी केसभर मागे सरली, आणि अण्णासाहेबांनी माझा दंड असा धरला की त्याचा वळ चार दिवस होता. मग ती थरथरली, उठली आणि चढू लागली. मी गणिताचा माणूस. पण त्या क्षणी माझे काळीज कोणत्या बाजूला धावत होते, ते मला मांडता येत नाही. प्रत्येक वळण सुटताना मला ओरडावेसे वाटे, आणि लगेच काकाजींच्या हाताकडे लक्ष जाई. तो डब्यावर होता, शांत.

घाटमाथा आला. वारा लागला. दिवा पेटला नव्हता.

एजंट टाळी वाजवून खाली उतरला. अण्णासाहेब उतरले आणि गाडीकडे पाठ करून उभे राहिले. जिंकलेला माणूस इतका केविलवाणा मी दुसरा पाहिला नाही. करीमभाईने स्टिअरिंगवर कपाळ टेकले.

काकाजी उतरले. दिवाच मेलेला नसेल ना, अशी शंका मला आली आणि मी ती बोलून दाखवली. ते म्हणाले, "पाहू." बॉनेट उघडले. टाकीवर ओला रुमाल टाकून तळहात ठेवला, चटका बसून उचलला. पाणी तापले होते, उकळत नव्हते. मग त्यांनी मान तिरपी करून टाकीच्या मागे पाहिले आणि तसेच राहिले.

"मास्तर. इकडं या. पंखा पाहा."

मी पाहिला. पंखा पंख्यासारखा होता.

"माह्या गाडीत चार पाती हायेत. इथं सहा." त्यांचा आवाज चढू लागला. "तांब्याची रांग काढली अन् पत्र्याची दोन पाती घातली. तांबं महाग, पत्रा फुकटासारखा. वारा वाढवला, पाण्याचं काम कमी केलं. अन् मी काल पंख्याले पाहिलंच नाही. काऊन पाहीन? त्यातून काही गेलंच नव्हतं. जिंदगीभर काय काढलं तेच पाहत आलो. बंडीत कोणी जास्तीचं चांगलं घालते काय, मास्तर? कधी कोणी घातलं? म्हणून मले दिसलं नाही. त्यानं घातलं बे!"

आणि ते हसू लागले. खचलेले म्हणे. धोतराचा सोगा तोंडाला लावून, गाडीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हा माणूस हसत होता. अर्धे आयुष्य ज्याच्याशी मनातल्या मनात खेळले, त्याने आज खरोखर डाव टाकला होता, आणि तो त्यांच्या तोडीचा निघाला होता.

उतरताना त्यांनी सगळ्या ठिकाणी गाडी थांबवायला लावली. वळणावरच्या सावलीत, राजूरच्या फाट्यावर, मोताळ्याच्या बसथांब्यावर. स्वतः खाली उतरून, बॉनेट उघडून, लोकांना पंखा दाखवून ते सांगत, "मी हरलो. कसा हरलो, ते इकडून पाहा." एजंटाला आपल्या गाडीची इतकी चांगली जाहिरात करता आली नसती. मलकापूरला पोचेपर्यंत त्यांना हिणवायला कोणी शिल्लक राहिले नव्हते.

राहिला प्रश्न शब्दाचा. अण्णासाहेब त्याच संध्याकाळी ओट्यावर आले. "काकाजी, झालं ते झालं. रागाच्या भरात बोलले तुमी."

"रागात नव्हतो. खुशीत होतो. खुशीत बोललेलं तं अजून पक्कं असते."

"मग हंगामात काय करू मी? कोणाचा हात आणू?"

काकाजींनी यावर चहा मागवला.

दिवाळीनंतर पहिल्या बंड्या आल्या. अण्णासाहेबांनी अमरावतीहून एक शिकलेला पारखी आणला होता. शेतकरी त्याला हात घालू देईनात, आणि व्यापारी त्याची प्रत मानेनात. दोन्ही बाजूंचे आवाज चढले. तराजूपाशी, या जिनात प्रथमच, गर्दी झाली. बंड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. कोणी म्हणाले, खाजगी जिनात चला. काही जणांनी बैल वळवायला सुरुवातही केली. संस्था त्या सकाळी मोडत होती. हे मी फुगवून सांगत नाही.

काकाजी आले. पांढरे धोतर, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. पहिल्या बंडीपाशी उभे राहिले. बंडी साखरखेर्ड्याहून सोयऱ्यांकडे येऊन इथेच शेती करू लागलेल्या एका थोराड गृहस्थाची होती.

"काकाजी, पाहा ना," तो म्हणाला.

"हात लावायचा नाही मले."

"मग आमी काय करावं? तुमी मोटारीत चुकले, अन् शिक्षा आमाले?"

काकाजी बंडीपाशीच उभे राहिले. तो माणूस थोडा वेळ चुळबुळला, मग त्यानेच वरची एक मूठ उचलून त्यांच्यापुढे धरली. पांढरी शुभ्र. काकाजी तिच्याकडे न पाहता बैलांकडे पाहू लागले. गर्दीत खसखस पिकली.

"बरं," तो म्हणाला आणि कोपरापर्यंत हात घातला. तीही मूठ चांगली होती. काकाजींची नजर अजून बैलांवर.

"आता काय पुरा आत जाऊ?" म्हणत त्याने बाही सारली आणि खांद्यापर्यंत हात घातला. डोळे मिटले. का मिटले, त्याचे त्यालाच ठाऊक. तसेच करायचे असते, असे साऱ्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. मूठ बाहेर आली तेव्हा तीत पिवळट, किडकी कवडी होती. सगळे जिन फुटून हसले. तोही हसला, कानापर्यंत लाल होऊन.

"घ्या. माह्याच हातानं माही चोरी काढली. काकाजी, आता तरी प्रत सांगा."

काकाजी आता मुठीकडे पाहत होते. "मी काऊन सांगू? हात तुहा हाये."

त्याने दोन बोटांत तंतू ताणला. तुटला. पुन्हा ताणला. मग तराजूवाल्या कारकुनाकडे वळून, स्वच्छ आवाजात, "दुसरी प्रत. लिही," असे म्हटले. व्यापाऱ्याने मान हलवली. मागचा बंडीवाला, कोणी न सांगता, बाही सारू लागला.